खाकी कागदावरचा पाय

हिंगणघाटात मिलच्या जुन्या मैदानाच्या आसपास अजून एक गोष्ट सांगतात. सोमा कुमरे नावाचा एक गोंड जवान मिलच्या फुटबॉल संघात डाव्या बगलेवर खेळायचा, अनवाणी. तसा पाय या जिल्ह्यात पुन्हा झाला नाही. मिलवाल्यांनी बुटाची सक्ती केली तेव्हा त्याने भर सामन्यात बूट काढले, गोलच्या खांबापाशी जोडीने नीट ठेवले, "पाय माह्या बापाचे हायेत, मिलचे नाई," असे साहेबांना सुनावले आणि जो निघाला तो थेट आपल्या गावी. सांगणाऱ्याचा आवाज या वाक्यापाशी हमखास चढतो. बूट काढून खांबापाशी ठेवले हे खरे आहे, ते मी पाहिले. बाकीचे खरे नाही. ते वाक्य सोमा बोललाच नव्हता. ते मी त्याच्या तोंडी घातले. पहिल्यांदा नागपूरला चहा पिताना चार खेळाडूंसमोर, मग सत्कारांच्या भाषणांत, एकदा तर शाळेच्या गॅदरिंगमध्ये. या आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा या प्रकरणातही ती गोष्ट तशीच उतरली होती. ती पाने मी फाडली. आता जे झाले ते लिहितो.

आमचे घर मिलच्या चाळीत होते. दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीपुढे एक मोठा सपाट दगड. त्या दगडावर आई कपडे धुवायची, आम्ही पाय धुवायचो आणि दुपारी मिरच्या वाळायच्या. दिवस भोंग्यावर चालायचा. पहिल्या भोंग्याला आई उठायची, दुसऱ्याला बाबा डबा घेऊन निघायचे, तिसरा वाजला की चाळीत पुरुषमाणूस उरायचा नाही. कापसाच्या दिवसांत रात्रंदिवस गाड्या यायच्या, बैलांच्या घंटा आणि जिनिंगचा घरघराट यांचा मिळून एकच आवाज व्हायचा; तो बंद पडला की आम्हांला झोप लागायची नाही. बाबा पिंजण खात्यात होते. रुईचा भुगा त्यांच्या भुवयांत, कानांत, मिशीत बसलेला असायचा आणि घरी आले की आधी दगडावर बसून ते खोकायचे. आई तेवढ्या वेळात पाणी काढायची, भाकर टाकायची. खोकला थांबला की ताट पुढे यायचे. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, वरून कच्चे तेल. मी ज्या वर्षांबद्दल लिहितो आहे त्या वर्षांत तो खोकला लांबत चालला होता आणि भाकर तव्यावर थंड होऊ लागली होती. माझ्यामागे दोन बहिणी होत्या. बाबांनी खाते सोडले तर घरात कोण, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नव्हते.

मी मॅट्रिक झालो होतो आणि शाळेत बऱ्यापैकी फुटबॉल खेळायचो. मिलला फुटबॉल कशाला हवा होता हे मला आजही नीट सांगता येणार नाही. नागपूर तेव्हा राजधानीचे गाव. तिथल्या स्पर्धांत दुसऱ्या मिलांचे संघ उतरायचे आणि आमच्या मालकांना ते बघवत नसावे. त्यांनी संघ उभा केला, खेळाडूंना हजेरीपटावर घेतले. माझे नाव घडी खात्यात होते, जिथे तयार कापडाच्या घड्या घालून, शिक्के मारून, खाकी कागदात गठ्ठे बांधायचे. आम्ही सकाळी घड्या घालायचो आणि दुपारी मैदानावर जायचो. पगार मात्र पूर्ण दिवसाचा. खात्यातले जुने कामगार आम्हांला जावई म्हणायचे. आम्ही उठलो की कोणीतरी म्हणणारच, "निंगाले का जावईबापू? घडी मोडली त चालन, पाय मोडू नोका." पण आमची नोकरी पक्की नव्हती. एका हंगामापुरतीच. मैदानावर जागा गेली की हजेरीपटावरचीही गेली.

आम्हांला शिकवायला कामठीचे एक उस्ताद ठेवले होते. पलटणीत खेळलेले, मेंदी लावलेली दाढी, गळ्यात पितळी शिट्टी. लांबचे त्यांना घारीसारखे दिसायचे. जवळचे मात्र काहीच दिसत नसे, हजेरीचा कागदही ते हातभर लांब धरून कोणाकडून तरी वाचून घ्यायचे. सोमाला त्यांनीच शोधला. शोधला म्हणजे असे की एका दुपारी आमचा चेंडू भिंतीवरून पलीकडे, कापसाच्या गाड्या उभ्या असायच्या त्या आवारात गेला. कोणी आणायला जाणार तोच चेंडू भिंतीवरून परत आला आणि उस्तादांच्या छातीवर आदळला. उस्तादांनी तो हाताने पुन्हा पलीकडे टाकला. पुन्हा परत आला, पुन्हा छातीवर. तिसऱ्यांदा उस्ताद शिट्टी सावरत स्वतः फाटकातून गेले आणि एका काळ्या, बुटक्या, रुंद जवानाला दंडाला धरून घेऊन आले. तो वडनेरकडच्या एका गावातून कुणाच्या तरी गाडीवर हाकायला आला होता.

"भिंतीपल्याडचं तुले दिसत होतं का बे?" आमच्या गोलकीपरने विचारले.

"शिट्टी आयकू येऊन राह्यली होती न," सोमा म्हणाला.

तो संघात आला, पण त्याला राहायला जागा नव्हती. बाबा जुने कामगार, म्हणून कामगार अधिकाऱ्याने त्याला आमच्याकडे ठेवायला सांगितले. पडवीत झोपायचे, जेवण आमच्यात. शेजारच्या काकूंना ते रुचले नाही. गोंडाच्या पोराला स्वयंपाकाच्या खोलीत पाटावर बसवता म्हणून त्यांनी नळावर चार बायकांत विषय काढला. आईने घागर भरता भरता उत्तर दिले, "पाटावरच बसते न माय तो, तुह्या डोक्यावर त नाई न बसत." विषय संपला. सोमा आमच्याकडे दीड वर्ष जेवला. त्याला ताक फार आवडायचे आणि वरणात भाकर कुस्करताना तो एक शब्द बोलत नसे. पाण्याला तो येर म्हणायचा. माझ्या बहिणीही काही दिवसांत येर म्हणू लागल्या आणि आईने दटावले तरी तिच्याही तोंडून एकदा तोच शब्द निघाला.

घरात शिरण्याआधी तो त्या दगडावर पाय धुवायचा आणि ते वाळेपर्यंत तिथेच उभा राहायचा. मग आत यायचा. मागे दगडावर दोन ओली पावले उरायची. टाचेपाशी नेहमीसारखी, पुढे मात्र पंख्यासारखी उघडलेली, पाचही बोटे एकमेकांपासून वेगळी. बहिणी त्या पावलांत आपली पावले ठेवून बघायच्या आणि दोघींची मिळून दोन पावले एका पावलात मावायची म्हणून खिदळायच्या. आई म्हणायची, "पाय हाये का पाट हाये, बाप्पा!" हे मी मुद्दाम लिहितो आहे. त्याच्या पायाचा आकार मला ठाऊक नव्हता असे म्हणायची सोय मला नाही. तो मी दीड वर्ष रोज संध्याकाळी दगडावर पाहत होतो.

आम्ही दोघेही डाव्या बगलेचे. तो आला तेव्हा ती जागा माझी होती. महिन्याभरात ती त्याची झाली आणि मी राखीव झालो. मला राग आला का? आला. पण त्याच्यावर राग धरून ठेवणे अवघड होते. संध्याकाळी चाळीमागच्या मोकळ्या जागेत सुताच्या चिंध्यांचा गोळा घेऊन तो मला शिकवायचा. डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू असा कापायचा की बचाव करणारा आत धावतो आणि चेंडू बाहेर वळतो. "पायाले सांगू नोको," तो म्हणायचा, "सांगतलं का पाय घाबरते. नुसता जाऊ दे." मी त्याबदल्यात त्याला सही शिकवली. महिन्याच्या पगाराला अंगठा न लावता त्याने पहिल्यांदा 'सोमा' असे लिहिले तेव्हा कान्याची रेघ कागदाखाली टेबलावर उतरली होती. आज माझी नात टीव्हीवर परदेशातले सामने बघते आणि कोणी बाहेरच्या कडेने चेंडू वळवला की मला हाक मारते. मी बघायला जातो. तिला सांगत नाही.

त्या हंगामाआधी हुकूम आला की नागपूरच्या स्पर्धांत यापुढे अनवाणी कोणी उतरणार नाही. तोवर आमच्यात अर्धेअधिक जण घोट्याला पट्टी बांधून अनवाणीच खेळत. त्याच सुमारास कामगार अधिकाऱ्यांनी आम्हांला घडी खात्यात गोळा करून सांगितले की मालकांनी संघाला कायम करायचे ठरवले आहे. अकरा जण पक्के होतील, मिलचे कामगार म्हणून, म्हातारपणापर्यंत. खेळ सुटला तरी नोकरी राहील. बाकीच्यांनी आपापली वाट बघावी. सगळ्यांना बूट शिवून मिळतील, बूट आल्यावर बाराव्या दिवशी, रविवारी, आपसांत निवड सामना होईल आणि यादी लागेल. डाव्या बगलेला जागा एक आणि आम्ही दोघे, हे सगळ्यांना दिसत होते. त्या संध्याकाळी मी घरी आलो तर बाबा दगडावर होते. खोकून झाल्यावर त्यांनी तोंड पुसले आणि एवढेच म्हणाले, "तुह्यं पक्कं झालं का म्या खातं सोडतो." सोमा त्यांच्यामागे पाय वाळवत उभा होता. त्यानेही ऐकले.

बूट कामठीच्या छावणीत पलटणीचे बूट शिवणारा एक कारागीर करणार होता. तो हिंगणघाटला येणार नव्हता. प्रत्येकाच्या दोन्ही पायांचे कागद त्याला पाठवायचे होते. कागदावर पाय ठेवून उभे राहायचे आणि भोवती पेन्सिल फिरवायची. अक्षर माझे चांगले म्हणून ते काम उस्तादांनी मला दिले. घडी खात्यातला खाकी कागद, एक जाड पेन्सिल. सुरुवातीलाच उस्तादांनी माझ्या हातातली पेन्सिल धरून ताठ उभी केली. "खड़ी रख, बेटा. एकदम खड़ी. अंदर को झुकी तो नाप छोटा आएगा, और फिर बूट काटेगा." हे सगळ्यांसमोर सांगितले. सोमाही तिथे होता.

एकेक जण येऊन उभा राहू लागला. मी गुडघ्यांवर बसून पेन्सिल फिरवायचो, नाव लिहायचो, डावा की उजवा ते लिहायचो. थट्टा चालली होती. गोलकीपरच्या पायाला वास येतो म्हणून मी नाक धरले, तो म्हणाला, "हुंगू नोको बे, काढ." आठनऊ जणांचे झाले, सगळे व्यवस्थित. मग सोमा कागदावर उभा राहिला. पाय समोर आला आणि मला त्याच्याभोवतीचा कागद फार कमी उरलेला दिसला. मी टाचेपासून सुरुवात केली. करंगळीच्या खाली आलो आणि पेन्सिल आत कलली. पावलाच्या बाहेरच्या कडेखाली, मग पुढे बोटांच्या खाली, मग आतल्या बाजूने कमानीखाली, शिरेल तेवढी. सोमा हसायला लागला. "अरे, गुदगुल्या होऊन राह्यल्या न मले!" तो एका पायावर डुगडुगला आणि तोल सावरायला त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हालू नोको," मी म्हणालो. दुसरा पायही तसाच काढला. दोन्ही वेळा तो हसला, बाकीचेही हसले. पुष्कळ वर्षे मी स्वतःला सांगत आलो की हात आपोआप कलला. हात आपोआप कलत नाही. कलला असता तर दुसऱ्या पायाला सरळ झाला असता.

शेवटी माझेच पाय राहिले. स्वतःचे कसे काढणार? सोमा म्हणाला, "आन इकडं." तो कागदापाशी बसला, पेन्सिल मुठीत धरली, जीभ दातांत धरली आणि उस्तादांनी सांगितले होते तशी, खांब रोवल्यासारखी ताठ, सावकाश फिरवू लागला. कुठे घाई नाही. प्रत्येक बोटापाशी थांबून. सही शिकताना जसा बसायचा तसाच.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी मला मधुमेहाच्या रुग्णांच्या चपला करून घ्यायला सांगितले. दुकानातल्या मुलीने पांढऱ्या कागदावर माझा पाय ठेवून भोवती पेन फिरवला. अंगठ्यापाशी तिचा हात जरा कलला आणि मला गुदगुली झाली. मी पाय ओढून घेतला. ती घाबरली, दुखले का म्हणून विचारू लागली. बरोबर आलेला माझा मुलगा म्हणाला, बाबा असे का करता? त्या रात्री मी ती पाने फाडली.

कागद कामठीला गेल्यावर वीसेक दिवसांनी पोत्यात भरून बूट आले. जाड चामड्याचे, पुढे टोपी, तळाला चामड्याचे खिळे. ते कसे मवाळ करायचे तेही उस्तादांनी शिकवले: पाण्यात भिजवायचे, ओलेच पायांत घालायचे, पायांतच वाळेपर्यंत चालत राहायचे, मग एरंडेल चोळायचे. दोन दिवस चाळीत आम्ही ओले बूट घालून टाक टाक फिरत होतो. आई म्हणाली, "घोड्यायची पागा करून टाकली माह्या घराची." माझे बूट दुसऱ्या दिवशी पायाला असे बसले की काढावेसे वाटेनात. सोमाचे पायांत जाईनात. उस्तादांनी स्वतः बसून, नाडी पार सैल करून, टाचेवर थापट्या मारून ते चढवले. तो उभा राहिला, दोन पावले चालला आणि त्याच्या चेहऱ्यावर घाम आला.

"छोटे हैं," उस्ताद म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "नाप बराबर लिया था?"

"सब का एक जैसा लिया, उस्ताद," मी म्हणालो.

कागद कामठीला गेलेले. त्यांनी सोमाचा पाय हातात घेऊन चाचपला, दिसत तर नव्हताच. बोटे दाबली, सुटी केली. "जंगल का पाँव है," ते हळहळत म्हणाले. "फैला हुआ. चमड़े में बैठने को टैम लेगा." झाले. दोष पायाचा ठरला, आणि तो इतक्या मायेने ठरवला गेला की सोमालाही तो पटला. तरी त्याने विचारले, "दुसरे मोठे नाई भेटत का उस्ताद?" पण बारा दिवसांत दुसरे शिवून येणे शक्य नव्हते आणि बाजारात तेव्हा फुटबॉलचे बूट टांगलेले नसायचे. हे पहिले मागणे. दुसरे त्याने चौथ्या दिवशी माझ्याकडे केले. पडवीत बसला होता, टाचांवर आईने हळद आणि तेल लावलेले. "वसंता, तुह्ये दे न एक डाव. घालून पाह्यतो." आमच्या पायांची लांबी जवळजवळ सारखी होती, माझे बूट त्याला आवळ झाले असते, पण चालले असते. मी म्हणालो, माझेच अजून नीट बसले नाहीत, दुसऱ्याच्या पायांत गेले तर बिघडतील. त्याने मान हलवली. त्याला ते रास्त वाटले.

तो बारा दिवस ते बूट घालत राहिला. कोणी बघत नसताना चाळीमागे, दात आवळून, त्या चिंध्यांच्या गोळ्यामागे. संध्याकाळी दगडावर पाय धुवायचा तेव्हा पाणी तांबूस होऊन वाहायचे आणि बहिणी त्या पावलांत पाय ठेवेनाशा झाल्या. बाबा एकदा म्हणाले, "राहू दे न बुआ." सोमा म्हणाला, "खुलन काका. चामडं हाये, खुलन."

निवड सामन्याला सारी मिल भिंतीवर बसली होती. मिलचे साहेब खुर्चीत, मांडीवर कागद. सोमा पहिल्या संघात डावीकडे, मी दुसऱ्यात. पहिल्या अर्ध्या वेळात त्याच्याकडे चेंडू पाच-सहा वेळा आला असेल. एकदा तो पायाखालून निसटला, दोनदा बाहेर गेला, एकदा तर तो चेंडूवरच अडखळून पडला. भिंतीवरून ओरड झाली, "सोम्या, बैलाले नाल ठोकली का बे?" लोक हसले, त्यात वाईट हेतू नव्हता, त्यांना तो आवडायचाच. मध्यंतरात तो गोलच्या खांबापाशी बसला आणि नाड्या सोडू लागला. मोजे काढताना त्यांबरोबर कातडे आले. शिट्टी झाली तसे उस्ताद तिकडे गेले. "बूट पहन, बेटा." सोमाने त्यांच्यासमोर बूट उचलून पाय आत घालायचा प्रयत्न केला. पाय सुजला होता. "जात नाई आता उस्ताद, आत," तो म्हणाला. एवढेच. मग त्याने बूट खांबापाशी ठेवले. जोडीने ठेवले कारण तो आमच्या घरीही सगळ्या वस्तू तशाच ठेवायचा. साहेबांनी कागदावर काहीतरी खोडले आणि बोटाने खूण करून मला पहिल्या संघात त्याच्या जागी जायला सांगितले.

तो कुठेही निघून गेला नाही. दुसरा अर्धा वेळ तो तिथेच खांबाला टेकून बसून होता. मी चांगला खेळलो. माझ्या पायांत बूट हातमोज्यासारखे बसले होते. शेवटी शेवटी डावीकडून चेंडू घेऊन आलो, बाहेरच्या कडेने कापला, बचाववाला आत धावला, चेंडू वळून गोलात गेला. भिंत उठून उभी राहिली. मी वळलो तर सोमा बसल्या जागी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी बाबांनी परतीची एक रिकामी गाडी ठरवली, कारण त्याला चालता येत नव्हते. आईने भाकरी बांधल्या, चटणी बांधली, "पाय बरा झाला का येजो," म्हणाली. तो येतो म्हणाला. आला नाही. बाबांनी महिन्याभरात खाते सोडले आणि पुढे अकरा वर्षे जगले. ती वर्षे मी त्यांना दिली असे लोक म्हणायचे. बूट उस्तादांनी आमच्या घरी आणून दिले होते. आईने ते धुऊन दगडावर वाळत ठेवले आणि दुपारी मी घरी आलो तर ती त्यांच्याकडे बघत उभी होती. मग लुगडे जरा वर धरून तिने आपला पाय एका बुटात घातला. माझी आई लहान चणीची होती. पाय आत गेला.

"वसंता," ती म्हणाली, "माह्या पायाले बसून राह्यला न हा."

"चामडं आटलं असेल," मी म्हणालो. ती बूट काढून आत गेली आणि तव्यावर भाकर टाकली. तो विषय तिने मरेपर्यंत पुन्हा काढला नाही.

पुढे मी सात हंगाम खेळलो, नागपूर गाजवले, प्रांताच्या संघातही एकदा उतरलो, आणि मिलमधूनच निवृत्त झालो. गोष्टीतला सोमा मी त्याच काळात घडवला. लोक विचारायचे, तो अनवाणी खेळणारा कुठे गेला हो? अभिमानाने निघून गेला हे सांगणे सोपे होते, आणि त्याचाही मान राहतो अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

पंधरा वर्षांपूर्वी हिंगणघाटच्या काही उत्साही मुलांनी जुन्या खेळाडूंचा सत्कार ठेवला. सोमाला त्यांनी शोधून आणले. वनखात्याच्या रोपवाटिकेत त्याचे आयुष्य गेले होते. केस पांढरे, पायांत रबरी चपला. मला बोलायला उभे केले आणि मी त्याच्यादेखत ती गोष्ट सांगितली, त्या वाक्यासकट. टाळ्या थांबेनात. सोमाने उठून सगळ्यांना हात जोडले. नंतर मंडपामागे आम्ही दोघे चहा घेत बसलो.

"चांगलं सांगतं तू," तो म्हणाला. "मलेच वाटाले लागलं का म्या बोललो अशीन."

मी हसलो. त्याने बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"तुह्या पायाचा कागद म्या काढला होता, आठोते का? पेन्सिल खडी धरली होती म्या."

"आठवतं."

"तुले गुदगुल्या झाल्या होत्या का?"

"नाही," मी म्हणालो.

"हं," सोमा म्हणाला, आणि चहा प्यायला. मग त्याने आईची चौकशी केली. ती गेल्याचे ऐकून त्याने बशी खाली ठेवली. "ताक चांगलं करे तुह्यी माय," म्हणाला. त्याला गावी सोडायला जीप आली. बोलायला पूर्ण एक कप चहाचा वेळ होता, तरी बोललो नाही.

गेल्या पावसाळ्यात सोमा वारला. त्याच्या नातवाचा फोन आला होता. शाळेत आजोबांवर निबंध लिहायचा आहे, बूट नाकारल्याची गोष्ट नीट सांगाल का, असे तो विचारत होता. मी म्हणालो, लिहून पाठवतो. हे प्रकरण त्याला पाठवणार आहे. निबंधाला उपयोगी पडणार नाही, पण बाळा, तुझ्या आजोबांनी बूट नाकारले नव्हते. त्यांनी ते दोनदा मागितले होते, आणि जे मिळाले ते बारा दिवस घातले होते.